नॉकच्या भिंतीवर सगळं हिरवं, प्रत्यक्षात लिंक बंद: गोठणारा डॅशबोर्ड कसा पकडायचा

लक्षण असं की नॉकमध्ये, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कक्षात, भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर सगळ्या लिंक हिरव्या दिसताहेत आणि फोनवर ग्राहक लिंक बंद असल्याचं सांगतोय. कोणीतरी आपल्या लॅपटॉपवर तोच डॅशबोर्ड उघडतं, तर तिथं लाल. मग स्क्रीनमागचा मिनी पीसी बंद-चालू केला जातो, चित्र ताजं होतं आणि सगळे कामाला लागतात. काही दिवसांनी पुन्हा तेच.

रिस्टार्टनं काम भागतं, पण पुरावाही पुसला जातो. ब्राउझर गोठला होता, लॉगिन संपलं होतं, की केबलच्या मधल्या एखाद्या डब्यानं जुनं चित्र धरून ठेवलं होतं, हे नंतर कळायला मार्ग उरत नाही. म्हणून बटणाला हात लावण्याआधी मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढा, चारही कोपरे येतील असा. दोन मिनिटांनी दुसरा काढा. पुढचं बरंचसं निदान या दोन फोटोंवरच होतं.

स्क्रीन काळी पडली तर मला फारशी चिंता वाटत नाही. शिफ्टमधलं कोणी ना कोणी लगेच ओरडतं. घातक असतं ते जुनं, हिरवंगार चित्र. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडातल्या ओंटारियोत वीज गेली आणि सुमारे ५ कोटी लोकांना फटका बसला. झाडांना टेकलेल्या तारांपासून अनेक कारणं त्यामागे होती. पण ओहायोतल्या फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातली अलार्म यंत्रणा दुपारी २ वाजून १४ मिनिटांनीच थांबली होती आणि ती थांबल्याचं ऑपरेटरांना कोणी सांगितलं नाही. अलार्म वाजत नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून काम चालू राहिलं. पुढे सर्व्हर कोसळले, तेव्हा एरवी १ ते ३ सेकंदांत ताज्या होणाऱ्या स्क्रीनना ५९ सेकंदांपर्यंत वेळ लागू लागला. चौकशी अहवालात हे सगळं नोंदलेलं आहे. आपल्या नॉकमधल्या भिंतीचा बिघाड आकारानं कितीतरी लहान असतो, पण जात तीच.

आधी भिंतीवर दोन वेगळ्या वेळा दाखवा

निदानाला सुरुवात करण्याआधी प्रत्येक डॅशबोर्डवर दोन वेगळ्या वेळा दिसतील अशी सोय करा. एक ब्राउझरची वेळ, सेकंद पळताना दिसतील अशी. ग्राफाना या डॅशबोर्ड बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी क्लॉक पॅनेलचं प्लगइन मिळतं. वेगळं वेबपेज असेल तर जावास्क्रिप्टच्या चार ओळी पुरतात. दुसरी डेटाची वेळ, म्हणजे शेवटचा नमुना (उपकरणाकडून आलेला आकडा) नेमका कधी घेतला गेला ती. प्रोमिथियस या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये नमुन्याचा टाइमस्टॅम्प (घेतल्याची वेळ) काढणारं फंक्शन आहे. झॅबिक्स हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर प्रत्येक आयटमच्या शेवटच्या तपासणीची वेळ ठेवतं. सर्व्हरची चालू वेळ दाखवून भागवू नका. पोलर, म्हणजे उपकरणांकडून डेटा विचारून आणणारा प्रोग्राम, मरून पडला तरी सर्व्हरची वेळ पळतच राहते.

इथं एक खोच आहे. पुष्कळ जण डेटाची वेळ दाखवण्याऐवजी डेटाचं वय दाखवतात: ‘५ सेकंदांपूर्वी अपडेट’. वाचायला छान वाटतं. पण वयाचा हिशेब क्वेरीतून, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातून, येत असेल आणि पान गोठलं, तर ते ‘५ सेकंदांपूर्वी’ रात्रभर तसंच दिसत राहतं. ज्या बिघाडासाठी पाटी लावली त्याच बिघाडात ती खोटं बोलते. म्हणून तास, मिनिट, सेकंद अशी पूर्ण वेळच दाखवा आणि स्क्रीनशेजारी एक साधं, स्वतंत्र भिंतीवरचं घड्याळ टांगा. फक्त टाइम झोन एकच ठेवा. राउटरच्या लॉगमध्ये यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), डॅशबोर्डवर स्थानिक वेळ आणि घड्याळात तिसरंच काही असेल तर जुनं काय आणि ताजं काय यावरच वाद सुरू होतो.

या वेळा सगळ्यात लांबच्या खुर्चीवरून वाचता आल्या पाहिजेत, नाहीतर त्यांचा उपयोग नाही. अक्षराची उंची डोळ्याशी साधारण २० मिनिटांचा कोन करेल इतकी असावी. इथली मिनिटं कोनाची, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. हिशेब सोपा: अंतराला १७२ नं भागा. लांबची खुर्ची ६ मीटरवर असेल तर अक्षर ३५ मिलिमीटर उंच हवं. ५५ इंची फुल एचडी पॅनेलवर एक पिक्सेल सुमारे ०.६३ मिलिमीटरचा असतो, म्हणजे हे झाले ५५ पिक्सेल. फॉण्टचा आकार अक्षराच्या उंचीपेक्षा मोठा धरला जातो, त्यामुळे सेटिंगमध्ये ७५-८० पिक्सेल टाकावे लागतात. लॅपटॉपवर बसून डॅशबोर्ड रचणाऱ्याला हा आकार अवाढव्य वाटतो. त्याला एकदा लांबच्या खुर्चीत बसवा.

वेळ अगदी कडेला चिकटवू नका. घरगुती टीव्ही स्क्रीन म्हणून लावला असेल तर पुष्कळदा ओव्हरस्कॅन चालू असतं आणि चित्राच्या चारही कडा थोड्या कापल्या जातात. टीव्हीच्या मेनूत चित्राचा आकार एकास-एक करणारा पर्याय असतो, तो निवडा.

एवढं झालं की भिंतीकडे पाहिल्यावर तीनपैकी एक गोष्ट दिसते. दोन्ही वेळा थांबलेल्या असतात, किंवा ब्राउझरची पळतेय आणि डेटाची थांबलीय, किंवा दोन्ही पळताहेत आणि तरी आकडे चुकीचे आहेत. प्रत्येकाचा रस्ता वेगळा.

बिघाडाचं वेळापत्रक

दुसरा दुवा म्हणजे बिघाड किती वेळानं परततो. शिफ्टच्या वहीत एक रकाना वाढवा: कोणती स्क्रीन, कधी लक्षात आलं आणि त्या क्षणी दोन्ही वेळा काय होत्या. वारंवार येणाऱ्या बिघाडांना बहुधा ठरावीक ताल असतो आणि तालावरून कारण ओळखू येतं.

दर चार तासांनी स्क्रीन बंद पडत असेल तर दोष टीव्हीच्या ऊर्जाबचतीत शोधा. युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमानं टीव्हीला शेवटच्या वापरानंतर जास्तीत जास्त ४ तासांत आपोआप स्टँडबायला जाणं घालून दिलं आणि ही सोय इतर ठिकाणी विकल्या जाणाऱ्या टीव्हीतही दिसते. रिमोटचं बटण दाबलं गेलं नाही म्हणजे घरात कोणी नाही, असं तो समजतो. मेनूत ‘ऑटो पॉवर ऑफ’ किंवा तत्सम नावानं ती बंद करता येते. चोवीस तास चालायच्या भिंतीला घरगुती टीव्ही लावूच नये हे खरं, पण बजेट मंजूर करणाऱ्याला ते पटवणं हा वेगळा विषय आहे.

दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन मालवत किंवा लॉक होत असेल तर ऑपरेटिंग सिस्टिमचा स्क्रीनसेव्हर, पॉवर सेटिंग किंवा डोमेन पॉलिसीतली (कंपनीच्या सगळ्या संगणकांना लागू नियमांतली) निष्क्रियतेची मर्यादा बघा. पहिल्या दोन तुमच्या हातात असतात. तिसरीसाठी भिंतीचे संगणक वेगळ्या गटात काढून द्यायला आयटीला सांगावं लागतं. महिन्यातून एकदा, तेही दुसऱ्या मंगळवारच्या आगेमागे बिघाड होत असेल तर विंडोजचे मासिक अपडेट आणि त्यामागोमाग होणारा रिस्टार्ट. मोजून तीस दिवसांनी लॉगिनचं पान दिसत असेल तर तो सेशनचा, म्हणजे एकदा केलेलं लॉगिन किती दिवस टिकतं त्याचा मामला, त्याकडे पुढे येतोच. आणि ठरावीक वार नाही, पण आठवडाभरात पान हळूहळू जड होत होत एक दिवस थांबत असेल, तर ब्राउझरची मेमरी.

दोन्ही वेळा थांबल्या असतील

आधी मिनी पीसीवर रिमोटनं शिरून बघा तिथं काय दिसतंय. तिथं सेकंद पळताहेत आणि भिंतीवर थांबलेत, तर संगणक निर्दोष आहे. बिघाड केबल, एक्स्टेंडर, मॅट्रिक्स स्विच किंवा व्हिडिओ वॉलच्या कंट्रोलरमध्ये आहे. नेटवर्कवरून व्हिडिओ वाहून नेणारे काही डीकोडर सिग्नल तुटला की शेवटची फ्रेम धरून ठेवतात. लग्नाच्या हॉलसाठी ही सोय उत्तम असेल, नॉकसाठी ती विष आहे. डीकोडरच्या सेटिंगमध्ये सिग्नल गेल्यावर काळा पडदा किंवा ‘सिग्नल नाही’ अशी पाटी दाखवायचा पर्याय असेल तर तोच निवडा.

मिनी पीसीवरही सेकंद थांबलेले असतील तर ब्राउझर. ग्राफ सतत रंगवणारं पान आठवडेच्या आठवडे उघडं राहिलं की मेमरी खात जातं. क्रोमियम ब्राउझरचा टॅब कोसळला तर तो आपणहून पुन्हा लोड होत नाही, त्रुटीचं पान दाखवत बसून राहतो. अशा वेळी ब्राउझरची प्रोसेस चालू आहे की नाही एवढंच बघणारी वॉचडॉग स्क्रिप्ट काही कामाची नाही. प्रोसेस जिवंत असते, मेलेला असतो तो टॅब. रोज एकदा ब्राउझर बंद करून नव्यानं सुरू करणारं शेड्यूल लावा. सगळ्या स्क्रीन एकाच क्षणी उडवू नका, दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं घ्या आणि शिफ्ट बदलायची वेळ टाळा. मूळ दोष यानं जात नाही, हे मान्य. पण एखाद्या पॅनेल प्लगइनमधली मेमरी गळती शोधत महिना घालवण्यापेक्षा मी हा उपाय आधी करीन.

वीज जाऊन आल्यावर होणारे बिघाड इथंच मोडतात. मिनी पीसी टीव्हीच्या आधी चालू होतो, केबलच्या दुसऱ्या टोकाला त्याला कोणी भेटत नाही आणि तो एचडीएमआय बाहेर देतच नाही. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर हे हमखास होतं. स्क्रीन जोडलेलीच आहे असं गृहीत धरायला लावणारी सेटिंग त्याच्या बूट फायलीत करता येते. इतर संगणकांना ईडीआयडी एम्युलेटर नावाचं छोटं उपकरण केबलच्या मध्ये लावतात. पॅनेल बंद असलं तरी ते संगणकाला स्क्रीनची माहिती पुरवत राहतं. डिस्प्लेपोर्टवर तर पॅनेल नुसतं बंद केलं तरी संगणक ते काढून टाकलं असं समजतो आणि चार स्क्रीनवरच्या चारही खिडक्या एकीवर येऊन ढीग होतात. तीही गडबड यानं थांबते.

पायच्या बाबतीत आणखी एक. रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या मॉडेलांत बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. ५ मध्ये आहे, पण बॅटरी वेगळी जोडावी लागते. वीज आल्यावर एनटीपीनं (नेटवर्कवरून) वेळ जुळेपर्यंत त्याची तारीख मागची असते, डॅशबोर्डचं सुरक्षा प्रमाणपत्र त्याला अजून लागू न झालेलं वाटतं आणि ब्राउझर सुरक्षेचा इशारा दाखवून थांबतो. मिनिटभरात वेळ जुळते, पण ब्राउझर त्या पानावरच राहतो. म्हणून वेळ जुळल्याशिवाय ब्राउझर सुरूच होणार नाही असा क्रम लावा.

ब्राउझरची वेळ पळतेय, डेटाची थांबलीय

हा सगळ्यात फसवा प्रकार, कारण पानावर हालचाल दिसत असते.

लॉगिन आधी तपासा. ग्राफानात काही बदललं नसेल तर सेशन ७ दिवस वापर नसला की संपतं आणि वापर चालू असला तरी ३० दिवसांनी संपतंच. भिंतीवरचं पान सतत रिफ्रेश होत असल्यानं सात दिवसांची मर्यादा लागत नाही, तीस दिवसांची लागते. ठरावीक तारखेला भिंत पडण्यामागे बहुधा हेच असतं. मर्यादा वाढवत बसण्यापेक्षा भिंतीसाठी फक्त बघण्याचा अधिकार असलेलं वेगळं खातं करा, किंवा भिंतीच्या नेटवर्कपुरताच लॉगिनशिवाय बघायचा मार्ग उघडा. कोणाच्याही वैयक्तिक खात्यानं भिंत चालवू नका. त्या माणसानं पासवर्ड बदलला किंवा नोकरी सोडली की भिंत गेली. आणि तो ॲडमिन असेल तर कीबोर्डपाशी पोचणारा प्रत्येक जण ॲडमिन.

मग पॅनेलच्या कोपऱ्यात बघा. क्वेरी फसली की ग्राफाना पॅनेलच्या कोपऱ्यात त्रुटीची छोटीशी खूण दाखवतं आणि आधीचा आलेख बहुधा तसाच राहतो. सहा मीटरवरून ती खूण दिसत नाही. सुरुवातीला फोटो चारही कोपऱ्यांसकट काढायला सांगितला तो यासाठीच, झूम करून बघा.

कोणी माउस लावून आलेखावर खेचून झूम केलं असेल तर वेळेची खिडकी ‘आत्तापर्यंत’ऐवजी ठरावीक तासांवर खिळते. मग भिंत काल रात्रीचे दोन तास इमानेइतबारे दाखवत बसते. भिंतीच्या संगणकाला माउस-कीबोर्ड जोडून ठेवायचं काहीच कारण नाही.

एकाच ब्राउझरमध्ये चार टॅब उघडून ते आळीपाळीनं पुढे आणणारं एक्स्टेंशन वापरत असाल तर तेही संशयित. २०२१ च्या सुरुवातीच्या क्रोम ८८ पासून पाच मिनिटांहून जास्त वेळ लपलेल्या टॅबचे टायमर साधारणपणे मिनिटाला एकदाच चालू दिले जातात. वीज वाचवण्यासाठी केलेली ती सोय आहे. टॅब पुढे येतो तेव्हा आधी जुनं चित्र दिसतं आणि ताजं होईतो पाळी संपलेली असते. त्यापेक्षा ग्राफानाची प्लेलिस्ट वापरा. ती एकाच टॅबमध्ये डॅशबोर्ड बदलत जाते. मला विचाराल तर महत्त्वाची स्क्रीन फिरती ठेवूच नये. जे सतत बघायचं ते एका जागी स्थिर असावं, बाकीचं बाजूच्या स्क्रीनवर फिरू द्या.

यापैकी काहीच नसेल तर बिघाड भिंतीत नाही, पोलर किंवा डेटाबेसमध्ये आहे. तुमच्या लॅपटॉपवरही डेटाची वेळ थांबलेली दिसेल.

दोन्ही पळताहेत, पण आकडा खोटा

इथं एक सेटिंग वारंवार सापडते. ग्राफानाच्या स्टॅट पॅनेलमध्ये (एकच मोठा आकडा दाखवणाऱ्या चौकटीत) कोणता आकडा दाखवायचा त्याची दोन पर्यायी गणितं शेजारीशेजारी असतात: शेवटचा आकडा आणि शेवटचा रिकामा नसलेला आकडा. नावात फरक एका तारकाचिन्हाचा, आणि सुरुवातीला निवडलेला असतो तो तारकावाला. डॅशबोर्डची खिडकी सहा तासांची असेल आणि एखाद्या राउटरनं पाच तासांपूर्वी उत्तर देणं थांबवलं असेल, तर हा पर्याय पाच तासांपूर्वीचा आकडा मोठ्या अक्षरात, हिरव्या रंगात दाखवतो. बाकीच्या उपकरणांचा डेटा येत असल्यानं वरच्या दोन्ही वेळा ताज्या दिसतात. स्थिती दाखवणाऱ्या पॅनेलला तारका नसलेला पर्याय द्या, किंवा क्वेरी तात्काळ प्रकारची (फक्त आत्ताचा आकडा मागणारी) करा. आणि आकडा नसेल तेव्हा राखाडी किंवा जांभळा असा वेगळा रंग दिसेल असं मॅपिंग लावा. माहिती नाही आणि सगळं ठीक आहे या दोन गोष्टींचा रंग एक असता कामा नये.

रेषांच्या आलेखातही तेच. रिकाम्या जागा जोडून टाकणारा पर्याय चालू असेल तर तुटलेल्या डेटावरून सरळ रेषा ओढली जाते आणि तुटणंच लपतं. दिसायला आलेख सुबक होतो, पण नॉकला खाच दिसायला हवी.

भिंतीवरही पहारा

इतकं करूनही भिंत पुन्हा गोठेल. फरक एवढाच करायचा की ती गोठल्याचं ग्राहकाच्या आधी आपल्याला कळावं. पानातूनच दर मिनिटाला सर्व्हरकडे एक छोटी विनंती जाऊ द्या आणि ती तीन मिनिटं आली नाही तर अलर्ट लावा. झॅबिक्समध्ये डेटा न आल्याचं ओळखणारं फंक्शन आहे, त्यावर ट्रिगर (अलर्ट देणारी अट) बसतो. प्रोमिथियसवाल्यांकडे कायम वाजत राहणाऱ्या अलर्टची पद्धत आहे, तो अलर्ट यायचा थांबला की गडबड समजायची. सोबत मिनी पीसीवर दर पाच मिनिटांनी स्क्रीनशॉट घेऊन आधीच्याशी ताडून बघा. सेकंद पळताहेत तोवर दोन स्क्रीनशॉट सारखे येऊच शकत नाहीत. सारखे आले तर पान गोठलं. संगणकापुढची केबल आणि पॅनेल मात्र यात तपासलं जात नाही, तिथं माणसाचे डोळेच लागतात. म्हणून शिफ्ट घेताना भिंतीवरच्या वेळा घड्याळाशी जुळवून वहीत सही करायची पद्धत ठेवा. आणि हा अलर्ट फोनवर जाऊ द्या, त्याच भिंतीवर नको.

सगळं लावून झालं की तीन चाचण्या घ्या: मिनी पीसीची नेटवर्क केबल काढा, मग पोलर थांबवा, मग ब्राउझरची प्रोसेस गोठवा. दिवसपाळीत करा, शिफ्ट प्रमुखाला आधी सांगून, पण बाकीच्यांना न सांगता. प्रत्येक वेळी फोनवर अलर्ट किती मिनिटांनी आला आणि खोलीतल्या कोणाच्या लक्षात किती मिनिटांनी आलं, हे दोन आकडे वेगवेगळे नोंदवा. पोलर थांबवल्यावर पानाची विनंती चालूच राहते, त्यामुळे त्या चाचणीत अलर्ट आला नाही तर डेटाच्या वेळेवर वेगळा ट्रिगर लावायचा राहिला आहे.